केस म्हणजे मानपत्र नव्हे: उद्योजकतेच्या परिषदेला लेखन पाठवताना

मी कोल्हापुरात एमबीएच्या मुलांना उद्योजकता शिकवते. परिषदांचे लेखन पाठवण्याचे आवाहन निघाले की आजूबाजूच्या महाविद्यालयांतले तरुण सहकारी आपापले मसुदे वाचायला पाठवतात. ते मी आवडीने वाचते, कारण आपल्या भागातले उद्योग जगातल्या वर्गांत पोहोचावेत असं मला मनापासून वाटतं. केस म्हणजे वर्गात चर्चेसाठी लिहिलेला, एखाद्या खऱ्या उद्योगातला प्रसंग. पण बहुतेक केसची चाल एकच असते: गरिबीतून सुरुवात, अडचणींवर मात, बँकेचं कर्ज, पुरस्कार आणि आज इतक्या हातांना काम. असा मजकूर सत्काराच्या मानपत्रात शोभतो. वर्गात त्यावर चर्चा होऊ शकत नाही, कारण विद्यार्थ्याने ठरवायचं असं त्यात काही उरलेलंच नसतं. परीक्षक तो पहिल्या पानावरच ओळखतात.

केसमध्ये एक माणूस निर्णयापाशी अडलेला असावा लागतो. तारीख जवळ आलेली, पैसा मर्यादित, दोन्ही वाटांना धोका, आणि त्याच्याजवळ तेव्हा जी माहिती होती तेवढीच वाचणाऱ्याजवळ.

आमच्याकडच्या गुऱ्हाळाचं उदाहरण घेते. करवीर तालुक्यातले एक मालक वर्षानुवर्षं गुळाचे तीस किलोचे रवे, म्हणजे ढेपा, करून शाहू मार्केट यार्डात सौद्याला, म्हणजे लिलावाला, लावत आले. हंगामाच्या तोंडावर अडत्याकडून उचल घ्यायची, त्या बदल्यात सगळा गूळ त्याच्याच अडतीवर घालायचा, ही रीत. पुण्याच्या एका दुकानदाराने त्यांना सांगितलं, विनारसायन गूळ आणि गूळ पावडर द्या, एक किलोच्या पाकिटात, तुमच्याच नावाने विकू. आता गंमत बघा. सौद्यात भाव मिळतो तो पिवळ्याधमक रंगाला, आणि तो रंग यावा म्हणून काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या कढईत, हायड्रॉस हे रंग उजळवणारं रसायन पडतं. नुसत्या भेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ काळपट होतो. म्हणजे दुकानदाराने ऐनवेळी हात वर केले तर तोच गूळ यार्डात पडेल भावाने द्यावा लागणार. शिवाय पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, अन्नसुरक्षेचा परवाना हवा, पावडर वाळवायला आणि दळायला यंत्र हवं. अडत्याची उचल अजून फिटलेली नाही. दिवाळी पाडव्याला सौद्यांचा मुहूर्त होतो, त्याच्या आत ठरवायचं आहे.

ही झाली केस. मालकांना पुढे पुरस्कार मिळाला का, हे तिच्यात येतच नाही.

शोधनिबंध की केस, हे आधी ठरवा

त्याच गुऱ्हाळावर शोधनिबंधही होतो, पण त्याला प्रश्न वेगळा लागतो. केसमध्ये मालकांनी काय करावं हे विचारायचं असतं, निबंधात असं का घडतं हे. तुमच्या वहीत पाच-दहा गुऱ्हाळांच्या मुलाखती असतील आणि उचल फेडण्याची ऐपत आलेले मालकही अडत्याला सोडत नाहीत असं दिसत असेल, तर त्या ‘का’मध्ये निबंध आहे. पत, नातं, सवय की पडत्या काळातला आधार? यावर आधी कोणी काय म्हटलं आहे आणि तुमच्या मुलाखती त्यात काय भर घालतात, एवढं नेमकं सांगता आलं की सारांश उभा राहिला.

‘महिला उद्योजकांच्या समस्या व संधी: विशेष संदर्भ अमुक जिल्हा’ या साच्यातून कृपा करून बाहेर या. जिल्हा बदलला म्हणून प्रश्न नवा होत नाही. जिल्ह्यात असं काय आहे जे दुसरीकडे दिसत नाही, ते शीर्षकात आणा.

सिद्धान्त शेवटी चिकटवू नका. प्रा. सरस सरस्वती यांनी २००१ मध्ये इफेक्च्युएशन मांडलं. अनुभवी उद्योजक नफ्याचा अंदाज बांधत बसण्याऐवजी हाताशी काय आहे आणि किती नुकसान सोसवेल हे आधी पाहतो, असं त्याचं सार. आमचे गुऱ्हाळमालक एका हंगामात किती आदणं, म्हणजे काहिलीचे घाणे, काळ्या गुळाची काढायची हे बोटांवर मोजत होते, तेव्हा ते हाच हिशेब करत होते. असा सांधा जुळला तरच सिद्धान्ताचं नाव घ्या.

कुठे पाठवायचं

अहमदाबादजवळ भाट इथली भारतीय उद्योजकता विकास संस्था, जिला सगळे ईडीआयआय म्हणतात, दर दोन वर्षांनी उद्योजकतेवरची परिषद भरवते. आपल्याकडच्या नवख्या संशोधकासाठी ती उत्तम सुरुवात आहे, रेल्वेने जाता येतं आणि परीक्षकांना इथला संदर्भ समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतल्या बॅब्सन कॉलेजची परिषद १९८१ पासून चालू आहे. तिथे आधी सारांश निवडतात आणि भर संशोधनावर असतो, केस तिथे पाठवू नका. यूएसएएसबीई ही लघुउद्योग आणि उद्योजकतेच्या शिक्षकांची अमेरिकी संघटना, तिथे शिकवण्याच्या पद्धती आणि केस यांना मान आहे.

केस लिहायला मनापासून शिकायचं असेल तर माझी शिफारस नाक्रा, म्हणजे उत्तर अमेरिकेतली केस संशोधन संघटना. तिथे व्यासपीठावरून भाषण ठोकायचं नसतं. छोट्या गटात सगळे गोल बसतात, एकमेकांच्या केस आधी वाचून आलेले असतात, आणि तुमच्या केसचं पान न् पान उलगडतात. केस मात्र खऱ्या घटनेवरच हवी, कल्पित चालत नाही.

एक सावधगिरी. पैसे भरल्यावर एका दिवसात स्वीकृतीपत्र येत असेल, विषयांच्या यादीत उद्योजकतेपासून वनस्पतिशास्त्रापर्यंत सगळं असेल आणि परीक्षकांचा एका ओळीचाही अभिप्राय मिळत नसेल, तर तिथे आपलं काम देऊ नका. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केल्यापासून ही पारख आपल्यालाच करावी लागते. आधीच्या दोन परिषदांचे कार्यक्रम काढून बघा: कोण आलं होतं, काय सादर झालं.

परवानगी

उद्योजकाची लेखी संमती लिखाण सुरू करायच्या आधी घ्या. पुष्कळ ठिकाणी केससोबत हे पत्र मागतात, आणि लिहून झाल्यावर मालकांनी नकार दिला तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

संमतिपत्र मराठीत, एका पानाचं असावं. त्यात काय छापलं जाईल, कुठे जाईल, अंतिम मसुदा त्यांना वाचून दाखवला जाईल आणि त्यांच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही, एवढं साध्या शब्दांत लिहा. मालकांच्या मनात ज्या शंका असतात त्या विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. प्राप्तिकराचं काय? अडत्याने वाचलं तर? भाऊबंदांना धंद्याचा आकडा कळला तर? या तिन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांवर उपाय आहे. नाव, गाव बदलता येतं. सगळ्या रकमांना एकाच गुप्त आकड्याने गुणलं की खरा आकडा झाकला जातो आणि खर्चाचं उत्पन्नाशी असलेलं प्रमाण मात्र तसंच राहतं. असं केलं असल्याचं तळटीपेत सांगायचं, गुणक कोणता ते सांगायचं नाही.

आणि हंगामात जा. चुलवाण पेटलेलं असताना, काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, बोटाने बघत असताना जे कळतं ते ऑफिसच्या खुर्चीत कळत नाही. आमच्या मालकांनी गप्पांच्या ओघात कपाटातून वही काढली. आदणामागे ऊस किती, गूळ किती उतरला, गुळव्याची आणि चुलवाणात जाळ घालणाऱ्या जळव्याची मजुरी, चिपाड कमी पडलं तर विकत घेतलेलं जळण, आणि शेवटच्या रकान्यात अडत्याने कापलेली रक्कम. केसमधला सगळ्यात मोलाचा तक्ता त्या वहीतून आला. तुमच्या उद्योजकाकडेही अशी वही असते. ताळेबंद मागण्याआधी ती मागा.

केस कशी बांधायची

पहिल्या परिच्छेदात कोण, कुठे, कधी आणि कोणता निर्णय, हे चारही यायला हवं. मग उद्योगाचा इतिहास, धंद्याची परिस्थिती, माणसं, पर्याय, आणि शेवटी पुन्हा तो निर्णय. सगळी केस भूतकाळात लिहा, ‘मालक म्हणाले’, ‘भाव पडला होता’. दहा वर्षांनी वाचणाऱ्यालाही ती खरी वाटायला हवी. कायदे, दर, सवलती यांना तारीख लावा. २०२४-२५ च्या हंगामात उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, क्विंटलला ३४० रुपये होता, पुढच्या हंगामात तो ३५५ झाला. गुऱ्हाळाला ऊस कितीला पडतो ते कारखान्याच्या या दराशी बांधलेलं असतं, म्हणून हंगाम न लिहिता दर दिलात तर विद्यार्थ्याचा सगळा हिशेब चुकतो.

तुमचं मत केसमध्ये नको. ‘दूरदृष्टीचे’, ‘जिद्दी’, ‘यशस्वी’ ही विशेषणं शोधून काढून टाका. अडत्याला खलनायक करण्याचा मोहही आवरा. तो बिगरतारण पैसे देतो, लग्नकार्यात धावून येतो, हे त्याच्या बाजूने लिहिलंत तरच निर्णय अवघड होतो, आणि निर्णय अवघड असेल तरच वर्गात दोन तट पडतात. अडत्यालाही भेटा. त्याच्याशी बोललात की केसचा तोल आपोआप येतो.

शिक्षकटीप, जिथे निकाल लागतो

ही केससोबतची वेगळी फाइल, फक्त शिकवणाऱ्यासाठी. आपल्याकडे ती रात्रीतून उरकली जाते आणि तिथेच नकार येतो. केस बरी असून शिक्षकटीप दुबळी असल्याने परत आलेले मसुदे मी पुष्कळ पाहिले आहेत.

तिच्यात केसचा गोषवारा, कोणत्या अभ्यासक्रमात कोणत्या टप्प्यावर शिकवायची, माहिती कशी जमवली, चर्चेचे प्रश्न, प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर, वेळेची वाटणी आणि फळ्याचा आराखडा हवा. पुढे प्रत्यक्षात काय घडलं तेही इथेच लिहायचं.

उद्दिष्टं लिहिताना ‘विद्यार्थ्यांना उद्योजकता समजेल’ असं लिहू नका. ‘दोन्ही पर्यायांत आदणामागे किती पैसे सुटतात ते काढता येईल’, ‘दुकानदाराने माल नाकारल्यास सोसवेल असं नुकसान ठरवता येईल’, असं लिहा. जे परीक्षेत तपासता येतं तेच उद्दिष्ट. चर्चेचा प्रत्येक प्रश्न यापैकी एकाशी जोडलेला असावा, आणि त्याच्या उत्तराला लागणारी माहिती केसमध्ये असायलाच हवी. हे पडताळायला केस आणि टीप शेजारी ठेवून बोट लावत वाचा.

पाठवण्यापूर्वी स्वतःच्या वर्गात एकदा शिकवा. मुलं कुठे अडतात, कोणता तक्ता कोणी उघडूनही बघत नाही, कोणत्या प्रश्नावर सगळे एकाच बाजूला जातात, हे टिपून टीपेत घाला. आमच्याकडे शेतकऱ्यांची मुलं उचलीच्या मुद्द्यावर तावातावाने बोलली आणि शहरातली मुलं ब्रँडवर. शिकवणाऱ्याला ही सूचना फार उपयोगी पडते.

पाठवताना

नियमावली दोनदा वाचा, मग तिसऱ्यांदा पानमर्यादेसाठी वाचा. परीक्षणात लेखकाचं नाव झाकलेलं असतं, तेव्हा पहिल्या पानाबरोबर फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं नाव, आभार आणि ‘आमच्या महाविद्यालयात’ असे उल्लेखही काढा. साम्यतपासणी, म्हणजे मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो याची तपासणी, करून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण परिषदेची मर्यादा वेगळी असू शकते. लिखाणात एआयची मदत घेतली असेल तर परिषदेच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा, आणि त्याने दिलेला एकही संदर्भ मूळ लेख उघडल्याशिवाय ठेवू नका.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ किंवा, तिकडे हिवाळी वेळ असेल तर, साडेदहा. तरी आदल्या दिवशीच पाठवा. शेवटच्या तासाला संकेतस्थळ आणि आपली वीज, दोन्हींवर भार असतो.

अभिप्राय आले की तीन रकाने आखा: परीक्षक काय म्हणाले, तुम्ही काय बदललं, कोणत्या पानावर. पटलं नाही तिथे कारणासह तसं लिहा, परीक्षक ते मान्य करतात. गुऱ्हाळाच्या केसला सहसा एक प्रश्न येतोच: मालकांनी सरळ बँकेचं कर्ज का घेतलं नाही? त्याचं उत्तर पत्रात देऊ नका, केसमध्ये घाला, कारण वाचणारा प्रत्येक परका शिक्षक तेच विचारणार आहे.

पूर्ण मजकूर परिषदेच्या कार्यवृत्तात छापायला देण्याआधी थांबा. काही नियतकालिकं तसं छापलेलं लेखन ‘आधीच प्रसिद्ध’ धरतात, आणि मग केस रिसर्च जर्नलसारख्या ठिकाणी किंवा इंग्लंडमधल्या द केस सेंटरच्या संग्रहात ती देताना हक्कांचा प्रश्न येतो. कार्यवृत्तात फक्त सारांश द्यायची सोय असते का, हे आयोजकांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मालकांच्या सहीच्या पत्रातही ‘परिषद आणि त्यानंतरचं प्रकाशन’ असे दोन्ही शब्द सुरुवातीलाच घालून घ्या, म्हणजे पुढच्या हंगामात पुन्हा सहीसाठी जावं लागणार नाही.