बजीचा दाणा: आधी उगवून पाहा, मग घाला

खरिपाच्या तोंडावर आपण सोयाबीनची उगवण तपासतो ना, तीच रीत पिंजऱ्यातल्या बजीच्या (बाजारात ज्यांना लव्हबर्ड म्हणून विकतात) दाण्याला लावा. राळ्याचे 100 दाणे मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, फडकं सुकू देऊ नका, पाचव्या दिवशी मोजा. 80 च्या वर उगवले तर माल ताजा. निम्मेही उगवले नाहीत, तर दाणा जुना नाहीतर भिजून खराब झालेला. तो परत करा.

पेरणीतून उरलेलं बियाणं मात्र कधीच घालू नका. ज्वारी-बाजरीच्या त्या गुलाबी, हिरव्या दाण्यावर थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. धुतल्याने रंग जातो, विष पुरतं जात नाही.

एक किलोसाठी राळे 500 ग्रॅम, बाजरी 250, वरी 200, जवस 50. वरी टरफलासकट हवी. उपवासाची भगर सोललेली असते, तिला मोड येत नाहीत. जवस तेलकट, जास्त झाला की पक्षी लठ्ठ होतो. करडई, सूर्यफुलाचंही तेच, चिमूटभर पुरे. मिश्रण सुपात पाखडून माती-खडे काढा.

एका बजीला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे दाणा लागतो. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. बजी दाणा सोलून खाते आणि टरफल वाटीतच टाकते. वरून वाटी भरलेली दिसते, खाली नुसता भुसा, आणि पक्षी उपाशी. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा, भुसा उडाला की खरा दाणा किती उरला ते दिसतं.

नुसत्या दाण्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. शेवग्याचा पाला, कोथिंबीर धुऊन रोज द्या. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेसाचा (माकुळाच्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा बांधा. आठवड्यातून दोनदा मोड आलेला दाणा द्या: रात्रभर भिजवा, निथळा, पांढरं टोक दिसलं की घाला. आपल्याकडच्या मे महिन्यात तो दोन तासांतच काढा, आंबतो.

साठवणीला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, दाणा कडक वाळवून, पूर्ण गार करूनच भरा. गरम भरला तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि बुरशी धरते. सोंड्यांसाठी सुकलेला कडुनिंबाचा पाला चालेल. बोरिक पावडर, धान्यातल्या गोळ्या नकोत. पावसाळ्यात महिनाभराचाच माल भरा. कुबट वास आला की अख्खा डबा फेका, कोंबड्यांनाही घालू नका.