सूनियनचं पोसायडन मंदिर: फोटो कसे काढावेत

ग्रीसमध्ये, अथेन्स ज्या भागात आहे त्या अ‍ॅटिकाच्या दक्षिण टोकाला, समुद्रापासून साधारण ६० मीटर उंच कड्यावर, पोसायडन या समुद्रदेवाचं संगमरवरी मंदिर आहे. जागेचं नाव केप सूनियन. कुणालाही विचारा, एकच सल्ला मिळतो: सूर्यास्ताला जा. तो ऐकून गेलेल्या मंडळींचे फोटो मी खूप पाहिलेत. मागे केशरी आकाश, पुढे काळ्या काठ्या. देवळाऐवजी बांधकामाचे खांब असते तरी काही फरक पडला नसता. सूर्यास्त जरूर बघा, पण मंदिराचे फोटो त्याच्या आधी काढून मोकळे व्हा.

पोहोचणं. अथेन्सपासून सुमारे ७० किलोमीटर. केटेल या बससेवेची बस किनाऱ्याच्या रस्त्याने दोनेक तास घेते. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये पाचलाच. त्याच्या तीन तास आधी तिथे असा.

सामान. एक वाइड, एक झूम, आणि लेन्स पुसायला मऊ फडकं, कारण वारा खारा असतो. ट्रायपॉड आणि ड्रोन परवानगीशिवाय चालत नाहीत, उगाच ओझं नेऊ नका.

उजेड कुठून येतोय ते बघणं. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी इथे आहे. मलाही हे जमायला बराच वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डोरिक (म्हणजे साध्या ग्रीक घडणीच्या) खांबाला सहसा २० उभ्या पन्हळी, म्हणजे कोरलेल्या खोबणी, असतात. इथे १६ आहेत. खाऱ्या वाऱ्यात टिकाव लागावा म्हणून त्या कमी ठेवल्या, असा तर्क केला जातो. पन्हळी कमी म्हणजे प्रत्येक पन्हळ रुंद. खांबही सडसडीत: उंची सुमारे ६.१ मीटर, बुंध्याशी व्यास जेमतेम एक मीटर, माथ्याशी ७९ सेंटिमीटर. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या खांबांना मध्ये जो हलका फुगवटा दिला आहे, तोही इथे नाही. त्यामुळे या खांबांचं रूप पन्हळींच्या सावल्यांवरच उभं आहे.

सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर पन्हळी सपाट होतात आणि खांब पाइपसारखा दिसतो. सूर्य समोर असेल तर सगळंच काळं. ऊन बाजूने, तिरकं यायला हवं. एका खांबासमोर उभे राहा आणि मधल्या दोन-तीन पन्हळी नीट बघा. सावली पन्हळीच्या निम्म्यापर्यंत आली असेल तर फोटो काढा. नसेल तर थांबा, किंवा मंदिराला वळसा घालून दुसरी बाजू गाठा.

कोणती बाजू, ते महिन्यावर ठरतं. दक्षिणेकडची रांग सर्वांत चांगली टिकली आहे. पण जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, त्यामुळे संध्याकाळी त्या रांगेची बाहेरची बाजू सावलीत जाते. डिसेंबरमध्ये तो नैर्ऋत्येला मावळतो आणि याच खांबांवर छान तिरकं ऊन येतं. निवड तुमच्या हातात असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. उन्हाळ्यातच जाणार असाल तर उत्तरेची बाजू धरा, आणि दक्षिण रांगेसाठी दुपार टळायच्या आत हजर व्हा.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. मागे निळंशार पाणी आणि पुढे उन्हातला पांढरा दगड असला की कॅमेरा फसतो. काळोख फार आहे असं समजून तो फोटो उजळ करतो आणि संगमरवर जळतो. जळलेला पांढरा रंग नंतर कोणत्याही अ‍ॅपमध्ये परत येत नाही. म्हणून पाऊण ते एक स्टॉप खाली या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, वर म्हणजे दुप्पट). उलट, दगडानेच चौकट भरली असेल तर कॅमेरा त्याला करडा करून ठेवतो. तिथे अर्धा-पाऊण स्टॉप वर जा. मोबाइलवर उन्हातल्या खांबावर बोट दाबून धरा, लॉक झालं की उजेड खाली ओढा. एचडीआर (उजळ आणि गडद भाग आपोआप जुळवणारी सोय) बंद. तो चालू असला की खांबांच्या कडेने पांढरट वलय येतं, आणि ते मला अजिबात खपत नाही.

चौकट. कॅमेरा वर तिरपा करू नका, खांब मागे कलंडतात. मागे सरा आणि झूम करा.

आणि समुद्र कापू नका. या देवळाचा सगळा इतिहास पाण्याशी जोडलेला आहे. जवळच लाव्रिओच्या चांदीच्या खाणी होत्या, गुलामांच्या कष्टांवर चाललेल्या. इ.स.पू. ४८३ मध्ये अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीजने त्या चांदीतून अथेन्सचं आरमार उभं करायला लावलं. ४८० मध्ये इराणी फौजांनी इथलं आधीचं, अर्धवट बांधलेलं मंदिर उद्ध्वस्त केलं. त्याच वर्षी अथेन्सजवळच्या सालामिस बेटापाशी झालेल्या लढाईत त्याच आरमाराने त्यांना हरवलं, आणि इराण्यांच्या बाजूने लढणाऱ्या फिनिशियनांच्या जिंकलेल्या जहाजांपैकी एक सूनियनला अर्पण केलं गेलं. आज दिसतं ते मंदिर त्यानंतरचं, इ.स.पू. ४४४ ते ४४०च्या सुमाराचं. पुढे स्पार्टा या प्रतिस्पर्धी नगरराज्याशी युद्ध चालू असताना, ४१३च्या हिवाळ्यात, अथेन्सने या टोकाला तटबंदी केली. का, तर धान्याची जहाजं इथूनच वळसा घालून यायची. देवाला नवस बोलायची जागा आणि पहाऱ्याचं नाकं, दोन्ही एकच.

खांबांमधून क्षितिजाची रेघ हवी असेल तर मंदिराभोवतीच्या सपाट जागेवर उभे राहा. क्षितिज नेहमी डोळ्यांच्या पातळीवर दिसतं. उतारावर खाली उतरलात की जोतं समुद्र झाकून टाकतं.

कोरलेली नावं. आत जाता येत नाही, दोरी असते. इंग्रज कवी बायरनचं नाव एका चौकोनी खांबावर आहे. १८१०च्या सुमारास तो इथे आला होता. झूम लावूनच घ्या. आसपास इतरही बरीच नावं कोरलेली आहेत. आपल्या गडांवर खिळ्याने नावं कोरणाऱ्यांना शिव्या घालणारे आपण इथे मात्र कौतुकाने रांग लावतो.

एडिटिंग. 'वॉर्म'चा स्लायडर ओढून दगड मधाच्या रंगाचा करण्याची खोड सोडा. तो रंग पार्थेनॉनचा. तिथल्या पेंटेली डोंगराच्या संगमरवरात लोह आहे, म्हणून तो काळानुसार सोनेरी होतो. सूनियनचा दगड जवळच्या आग्रिलेझा इथल्या खाणीचा, त्यात लोह नाही, म्हणून तो पांढराच राहिला. संध्याकाळच्या उन्हाने आलेली लाली ठेवा, पदरची घालू नका.

फोटोखाली काय लिहाल. 'अथेनाचं मंदिर' लिहू नका, ती वेगळी देवी. दुसऱ्या शतकातला प्रवासी पाउसानियस तसं लिहून गेला आणि पुढे कित्येक शतकं लोक तेच मानत राहिले. उत्खननात शिलालेख सापडल्यावर पोसायडनचं नाव पक्कं झालं. अथेनाच्या देवळाचे अवशेष जवळच्या बुटक्या टेकडीवर आहेत. तिथे पायाच उरलाय, गर्दी नसते. वेळ उरला तर दहा मिनिटं जाऊन या, पण परतीच्या शेवटच्या बसची वेळ आल्याआल्याच विचारून ठेवा.