दहावीतल्या पोराला रात्री झोपवायचं कसं

‘लवकर निजे, लवकर उठे’ म्हणत नवाला दिवा घालवणं आधी बंद करा. वयात येताना शरीरात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, स्रवायची वेळच तास-दोन तास पुढे सरकते. नवाला झोप येत नाही हा आळस नव्हे. झोप मात्र आठ ते दहा तास लागतेच, आणि मालवणजवळच्या आमच्या वाडीतून शाळेची एसटी पावणेसातला सुटते. म्हणजे सव्वासहाला उठणं आलं.

सुरुवात सकाळपासून करा. रविवारीही तासाभराहून जास्त लोळू देऊ नका. स्टॉपवर बाइकने सोडू नका, चालत जाऊ दे. तेवढाच सकाळचा उजेड डोळ्यांत जातो, मग रात्री झोप लवकर येते. संध्याकाळी पाचनंतर चहा नाही. पंखा, मच्छरदाणी हे तुम्हाला सांगायला नको.

आता मोबाईल. इथे मी दोन वर्षं आपटले. रात्री अकराला थोरल्याच्या हातातून फोन हिसकावायचा, मग आरडाओरडा, मग सासूबाई उठणार. भांडून तापलेल्या डोक्याला झोप कुठून येणार? एकदा फोन तांदळाच्या डब्यात लपवला, तर गडी पडवीत आजोबांच्या फोनवर मॅच बघताना सापडला. ‘आणि बाबा काय करतत?’ एवढंच विचारलं त्याने. बाबा अंथरुणात पडून रील्स बघत होते. आवाज पडवीपर्यंत येत होता.

म्हणून सांगते, नियम पोराला नाही, घराला लावा. आमच्या माजघरात दिव्याचा जुना कोनाडा आहे. साडेनऊला सगळे फोन तिथे, माझाही, ह्यांचाही. चार्जरही तिथेच, खोलीत एकही नाही. ‘मग गजर कसा लावू?’ ही सबब येतेच. गजराचं घड्याळ आधी आणून ठेवा. क्लासच्या ग्रुपवर दहाला काही आलं तर सकाळी बघेल. टीव्हीही साडेनऊला बंद. ह्यापायी सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. चालतं.

झोपायची वेळ एकदम मागे ओढू नका. दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं, बस. आम्हाला बारावरून सव्वादहावर यायला महिना लागला.

गणपतीत आरत्या-भजनं मध्यरात्रीपर्यंत चालणार, मुंबईची भावंडं येणार. तेव्हा कोनाडा विसरा. विसर्जनाच्या दुसऱ्या रात्रीपासून फोन परत कोनाड्यात. पहिला ह्यांचा.