कोकणात घर हलवताना या चुका टाळा

सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत शब्द तुमचा चालतो. मागचा दरवाजा बंद झाला की कंपनीचा चालू लागतो. गावाकडे कायमचं राहायला आलेल्या ज्या कुटुंबांची फसवणूक मी जवळून पाहिली, तिचं मूळ दरवेळी इथेच सापडलं. जे आधी कागदावर यायला हवं होतं, ते सामान अडकल्यावर ठरवायची वेळ आली.

माझी मावशी आणि काका बडोद्याहून देवगड तालुक्यातल्या घरी आले, तेव्हाची गोष्ट सांगतो. पॅकर्स-मूव्हर्स कंपनीने फोनवर २८,००० रुपये सांगितले आणि 'डोअर टू डोअर'चा शब्द दिला. सामान बडोद्यात एका गाडीत चढलं, भिवंडीच्या गोदामात उतरलं आणि तिथून आणखी दोन घरांच्या सामानाबरोबर दुसऱ्याच मोठ्या गाडीत भरलं गेलं. ती गाडी नांदगाव तिठ्यावर (तीन रस्ते मिळतात तिथे) येऊन थांबली. वाडीचा रस्ता अरुंद आहे, छोटी गाडी तुम्ही करा, हमाली वेगळी, आणि आधी ११,००० टाका, मगच दरवाजा उघडतो, असं ड्रायव्हरने ऐकवलं. काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबाही आत होता. त्या वयातल्या दोन माणसांना भर उन्हात तिठ्यावर उभं करून पैसे मागणं ही उघड अडवणूक आहे, आणि 'या धंद्यात असंच चालतं' म्हणून ती सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

वाडीचा रस्ता न सांगणं

कोकणातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शहरातली कंपनी पिनकोड बघून भाव देते. पिनकोडवरून तिला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) कळत नाही, दोन्ही बाजूंचे जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं) कळत नाहीत, चढावरचं वळण कळत नाही, रस्त्यावर आडव्या आलेल्या फणसाच्या फांद्याही कळत नाहीत. १९ फुटी बंद कंटेनर महामार्गावर छान पळतो आणि वाडीच्या तोंडाशी येऊन अडकतो. मावशीचे शेजारी गाडी बघूनच म्हणाले होते, "ह्यो ट्रक आमच्या वाडीत येवचो नाय."

म्हणून ठरवण्याआधी गावातल्या कुणाला तरी महामार्गापासून अंगणापर्यंतचा व्हिडिओ काढायला सांगा आणि तो कंपनीला व्हॉट्सॲपवर पाठवा. सोबत लिहा: रस्ता किती फुटांचा आहे, साकवावरून जड गाडी जाते का, गाडी घरापासून किती अंतरावर उभी राहील, पुढे पाखाडी (दगडी पायवाट) किंवा पायऱ्या किती आहेत. मग दोन प्रश्न विचारा. छोट्या गाडीचं भाडं कोण देणार? उतरवणारी माणसं कोण आणणार? उत्तर कोटेशनमध्ये लिहून घ्या. पिकअप किंवा छोटा हत्ती गावातच मिळतो आणि आधी बोलून ठेवला तर वाजवी दरात मिळतो. तिठ्यावर अडल्यावर शोधायला गेलात तर समोरचा मागेल ती रक्कम द्यावी लागते.

फोनवरच्या भावावर विसंबणं

घर न बघता दिलेला भाव हा भाव नव्हे. कंपनीचा माणूस घरी आला पाहिजे, निदान व्हिडिओ कॉलवर माळ्यापासून बाल्कनीपर्यंत सगळं त्याने पाहिलं पाहिजे, आणि नगांची यादी झाली पाहिजे. बाकीच्यांपेक्षा निम्मा भाव देणारा उरलेला निम्मा वाटेत वसूल करतो.

ॲडव्हान्स थोडाच द्या, तोही कंपनीच्या बँक खात्यात. एखाद्या माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तर तिथेच थांबा. बिलावरचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का ते पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. प्रसिद्ध कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून धंदा करणारे इथेच उघडे पडतात.

गाडी अख्खी तुमची की पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या सामानाबरोबर, हेही लिहून घ्या. पार्ट लोड स्वस्त पडतो, पण माल गोदामात उतरतो आणि पुन्हा चढतो. तुटतं ते बहुधा या चढउतारात, हरवतंही तिथेच. मावशीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं खोकं भिवंडीनंतर कुणीच पाहिलं नाही.

'इन्शुरन्स' हा शब्द ऐकून निर्धास्त होणं

बिलात इन्शुरन्सच्या नावाने ठरावीक टक्के लावले म्हणजे विमा काढला असं नाही. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक असलेली प्रत गाडी निघण्याआधी हातात हवी. ती मिळत नसेल तर ते पैसे देऊ नका.

मालवाहतुकीसाठी 'कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७' हा कायदा आहे. नुकसान झालं तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. मात्र जादा जोखमीचा दर (वाहतूकदाराने जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचं वाढीव भाडं) भरलेला नसेल तर २०११ च्या नियमांनुसार भरपाईला भाड्याच्या दहापट अशी मर्यादा आहे, आणि तुम्ही नोंदवलेल्या किमतीपेक्षा जास्त काही मिळत नाही. त्यामुळे मालाची किंमत खरी लिहा. घाईत कुणी '५,००० रुपये' लिहून टाकतो आणि टीव्ही फुटल्यावर तोच आकडा आडवा येतो. बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या वाहतूकदाराच्या पावतीवर, गाडीचा नंबर, नगांची संख्या, किंमत, पोचण्याची तारीख आणि एकूण भाडं एवढं असायलाच हवं.

पाऊस आणि गणपती विसरणं

जुलै-ऑगस्टमध्ये सामान हलवू नका. परशुराम घाटात दरड आली की वाहतूक तासन्‌तास खोळंबते. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं तेव्हा काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांवर निर्बंध येतात, मग गाडी वाटेत थांबते आणि थांबल्याचे पैसे तुमच्याकडे मागितले जातात. पावसातच निघावं लागलं तर गाडी बंद हवी. पुठ्ठ्याची खोकी ओलीला टिकत नाहीत; कपडे आणि पुस्तकं प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यांत भरा.

गाडी अडवलीच, तर

आवाज चढवू नका. ठरलेली उरलेली रक्कम द्यायला आपण तयार आहोत, असा मेसेज आधी कंपनीच्या क्रमांकावर पाठवा. ती रक्कम देणं तुमचं कर्तव्यच आहे. हरकत आहे ती ठरल्यापेक्षा जादा मागणीला. गाडीचा, नंबरप्लेटचा फोटो काढा. पैशांची मागणी फोनवर होत असेल तर 'लिहून पाठवा' म्हणा.

ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) नाही म्हणून चेकनाक्यावर दंड झाला, ही एक नेहमीची थाप आहे. घरगुती वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागतच नाही. हे ठामपणे सांगितलं की बहुतेक वेळा तो विषय तिथेच संपतो.

तरीही दरवाजा उघडत नसेल तर ११२ वर फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. 'हा दिवाणी मामला आहे' असं उत्तर मिळू शकतं. तेव्हा शांतपणे सांगा की वाहतूकदाराने त्याच्याकडे सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. औषधं किंवा लहान मूल यामुळे जादा पैसे देणं भागच पडलं तर ऑनलाइनच द्या आणि लगेच मेसेज टाका: 'ही रक्कम हरकत राखून दिली आहे.' मावशीने असंच केलं. पुढे नोटीस गेल्यावर त्यातले काही पैसे परत आले. भांड्यांचं खोकं आलं नाही.

उतरवून घेताना सही घाईत करणं

हमाल दमलेले असतात, ड्रायव्हरला परतायची घाई असते, आणि पुढ्यात 'माल सुस्थितीत मिळाला' असं छापलेला कागद येतो. यादीवर एकेक नग मोजा. खोकं ओलं, फाटलेलं किंवा चेपलेलं असेल तर सहीच्या वर तसं हाताने लिहा आणि कागदाचा फोटो ठेवा. सगळी खोकी उघडणं जमणार नाही, तर 'आतला माल तपासलेला नाही' एवढं तरी लिहाच. मोठ्या वस्तू, म्हणजे फ्रिज, कपाट, वॉशिंग मशीन, गाडी हलायच्या आत उघडून पाहा. फ्रिज मात्र लगेच सुरू करू नका, काही तास उभा राहू द्या.

नुकसान किंवा गहाळ माल असेल तर कंपनीला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत पोचली पाहिजे. स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार करायला २ वर्षांची मुदत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, बडोद्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. दिलेलं भाडं ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. वकील नसला तरी चालतो. कोटेशन, बिल्टी, मेसेज, फोटो आणि नोटिशीची पोच एवढे कागद तारखेनुसार लावून न्या.