थरथर चाकांत नव्हतीच

चिऱ्यांची वाहतूक करणारा आमचा ट्रक, 10 चाकी. क्लच प्लेट बदलून आणली आणि 45-50 च्या वेगाला सीटखालून थरथर सुरू. डॅशबोर्डवरचा गणपती नुसता नाचायचा. जो तो म्हणे, चाकं बॅलन्स कर. केली, पुढचे दोन टायरही बदलले. पैसे गेले, थरथर तिथेच.

मग रत्नागिरीकडच्या हातखंब्याजवळ सड्यावरचा (कातळ पठारावरचा) सपाट, मोकळा रस्ता बघून 50 ला क्षणभर न्यूट्रल केली (घाटात हा उद्योग नको). इंजिन आयडलवर आलं तरी थरथर तशीच, म्हणजे इंजिन-क्लच संशयातून सुटले. स्टीअरिंगही शांत. संशय गेला प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरतं बळ नेणाऱ्या लांब दांड्यावर.

गाडीखाली शिरलो. क्रॉसला (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) प्ले, म्हणजे ढिलाई, नाही; शाफ्टला मध्ये धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर धड. शाफ्टचे दोन भाग दात्यांनी एकमेकांत बसतात त्या स्लिप जॉइंटवरची लाल माती आणि ग्रीस रॉकेलने पुसलं, तेव्हा दोन बाण दिसले. ते समोरासमोर हवेत. इथे एका दात्याने सरकलेले. क्लचच्या कामानंतर शाफ्ट परत जोडताना कुणी बघितलंच नव्हतं. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत नसले की एका क्रॉसमुळे होणारी वेगाची चढउतार दुसरा भरून काढत नाही.

बाण जुळवले, बोल्ट आवळले, भरली गाडी पालीपर्यंत नेली. गणपती जागचा हलला नाही. मिस्त्री अजून म्हणतो, "एका दात्याने काय होतंय!"