दुसऱ्या भागाने निराशा केली? घोडं नेमकं कुठे अडलं ते असं शोधा

आवडत्या सुपरहिरोचा सिक्वेल बघून हिरमोड होतो, पण का झाला हे कुणी विचारलं तर "मजा नाही आली" यापलीकडे काही सांगता येत नाही. खाली दिलेल्या पद्धतीने बहुतेक वेळा ते कारण मिनिटासकट सापडतं. त्यासाठी दोन्ही भाग, दोन कोरे कागद, पेन, घड्याळ आणि दोन मोकळ्या संध्याकाळी लागतात. एवढी मेहनत ज्या पात्रावर जीव आहे त्याच्यासाठीच घ्यावी.

त्याच रात्री चार ओळी

झोपण्याआधी लिहा: लक्ष पहिल्यांदा कुठे उडालं, कोणता प्रसंग पुन्हा बघावासा वाटतो, कोणता प्रश्न तसाच राहिला आणि काय बघायला मिळेल या आशेने गेला होतात. हे लिहून होईपर्यंत एकही रिव्ह्यू बघू नका. दुसऱ्याचे शब्द फार पटकन आपले होतात. व्हीएफएक्सकडे (संगणकावर बनवलेल्या दृश्यांकडे) तुमचं लक्षही गेलेलं नसतं, पण दोन व्हिडिओ बघितले की तुमच्या तक्रारीत तेच पहिलं येऊन बसतं.

पिक्चर थ्रीडीमध्ये बघितला असेल तर तशी नोंद करा. चष्मा पडद्याचा बराच उजेड खातो, त्यामुळे रात्रीची मारामारी गिचमिड दिसली तर तो दोष दिग्दर्शकाचा असेलच असं नाही.

चौथी ओळ महत्त्वाची आहे. अपेक्षा ट्रेलरमधून आली होती का, हे तिच्यावरून कळतं. ट्रेलर बनतो तेव्हा पिक्चरचं काम पूर्ण झालेलं नसतं, आणि कधीकधी मुद्दाम चकवाही दिलेला असतो. २०१८ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये वकांडा या काल्पनिक देशात सगळ्यांबरोबर धावणारा हिरवा राक्षसी हल्क दिसतो, पिक्चरमध्ये तो प्रसंगच नाही. अशी चुटपुट खरी असते, पण ती जाहिरातीच्या खात्यात मांडा, कथेच्या नको.

पहिल्या भागाचं देणं

आठवडाभराने पहिला भाग पुन्हा बघा आणि एका कागदावर त्याने मागे काय ठेवलं ते लिहून काढा. नायक शेवटी कसा बदलला, त्याच्या शक्तीला कोणती मर्यादा घातली, कुणाला कोणता शब्द दिला, कोणत्या मृत्यूचं ओझं राहिलं. सहा ते आठ मुद्दे पुरतात. पंचवीस झाले तर तुम्ही पोशाखाचे रंग मोजायला लागला आहात, थांबा.

मग प्रत्येक मुद्द्यापुढे सिक्वेलने त्याचं काय केलं ते लिहा: पाळला, कारण देऊन मोडला, विसरला, की मागे जाऊन बदलला. कारण देऊन मोडणं हा दोष नाही. २००४ च्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये पीटरची, म्हणजे स्पायडर-मॅनची, शक्ती ऐन वेळी दगा देते, पण त्याच्या मनातल्या द्विधेशी ती जोडलेली आहे, म्हणून खटकत नाही.

सगळ्यांत जास्त दुखतो तो मागे जाऊन केलेला बदल. २००२ च्या पहिल्या भागात पीटर ज्या चोराला निसटू देतो त्याच्यामुळेच बेनकाकांचा जीव जातो, आणि त्या अपराधीपणावर सगळा स्पायडर-मॅन उभा आहे. २००७ च्या तिसऱ्या भागात गोळी फ्लिंट मार्कोच्या, म्हणजे खलनायक सँडमॅनच्या, हातून सुटली होती असं सांगितलं जातं. सँडमॅनला मोठं करायला हे सोयीचं होतं, पण त्यामुळे ज्या खांबावर पहिले दोन भाग तोलले होते तोच हलला. तुमच्या यादीत 'बदलला' हा शेरा एकदा जरी आला, तरी आधी तोच प्रसंग तपासा.

घड्याळ लावून दुसऱ्यांदा बघणं

खरं काम इथे आहे. पहिल्या वेळेनंतर दहा-पंधरा दिवस जाऊ द्या, राग निवतो. शेवटची श्रेयनामावली वगळून दर पाच मिनिटांना एक ओळ लिहा. १३० मिनिटांच्या कथेला २६ ओळी होतात. प्रत्येक ओळीत एकच अक्षर: नायकाने काही ठरवलं तर 'न', खलनायकाचा हेतू किंवा डाव पुढे सरकला तर 'ख', हाणामारी असेल तर 'ह', कुणी उभं राहून माहिती सांगत असेल तर 'म', पुढच्या पिक्चरची पेरणी असेल तर 'प'. पाच मिनिटांत दोन गोष्टी घडल्या तर ज्यामुळे कथा हलली ती धरा. मध्ये थांबवू नका, मागे नेऊ नका. थांबवत बघितलं की संथपणा पिक्चरचा की तुमचा, हे कळेनासं होतं.

आता कागद उभा वाचा. सलग चार ओळींत 'न' नसेल तर वीस मिनिटं नायक फक्त ओढला जातोय. 'प' दोनपेक्षा जास्त असतील, त्यातही मधल्या तासात, तर या कथेचा वेळ पुढच्या कथेला दिला गेलाय. 'ह'च्या संख्येवरून निष्कर्ष काढू नका, इथे बरेच जण चुकतात. मारामारी मनातल्या मनात काढून बघा. नंतरचा प्रसंग जशाचा तसा उभा राहिला तरच ती फुकटची.

आणखी एक चूक हमखास होते: कंटाळा जिथे आला तिथेच दोष शोधला जातो. तो सहसा बराच आधी असतो. क्लायमॅक्स कोरडा वाटला तर 'ख' वर बोट ठेवत वर जा. 'स्पायडर-मॅन ३' १३९ मिनिटांचा आहे आणि त्यात सँडमॅन, पीटरचा मित्र हॅरी आणि व्हेनम असे तीन विरोधक आहेत. व्हेनम आकाराला येतो शेवटच्या टप्प्यात, आणि शेवटच्या लढाईत मोठा वाटा त्याचाच. ज्याला उभं राहायला जागाच मिळाली नाही त्याची भीती कशी वाटणार? शेवटची दहा मिनिटं पुन्हा चित्रित करून हे सुटलं नसतं.

कात्रीच्या खुणा

कथा ठीक वाटते पण धागे तुटलेले दिसतात, तेव्हा एडिटिंगवर संशय घ्या. पात्र अचानक गायब होणं, महत्त्वाचा संवाद पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी ऐकू येणं, मोठी घटना टीव्हीच्या बातमीत उरकणं, एकाच प्रसंगात केस वेगळे दिसणं, या त्याच्या खुणा. नुसतं रीशूट झालं म्हणून दोष देऊ नका. मोठ्या पिक्चरमध्ये त्यासाठी आधीच वेळ राखलेला असतो. पैसा कमी पडल्याच्या खुणा वेगळ्या असतात: १९८७ च्या 'सुपरमॅन ४'मध्ये कॅमेऱ्याकडे उडत येणारा सुपरमॅन त्याच चित्रणात पुन्हा पुन्हा दिसतो.

कात्रीच्या खुणा सापडल्या तर वाढीव आवृत्ती (कापलेले प्रसंग परत घातलेली) बघण्यात अर्थ आहे. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' थिएटरात १५१ मिनिटांचा होता, वाढीव आवृत्ती साधारण अर्ध्या तासाने मोठी आहे, आणि सुपरमॅनवर आळ कसा आला हा आफ्रिकेतला धागा तिच्यात नीट जुळतो. 'जस्टिस लीग' २०१७ मध्ये १२० मिनिटांचा होता. दिग्दर्शक झॅक स्नायडरची २०२१ ची आवृत्ती २४२ मिनिटांची आहे. तिच्यात दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, कारण चौकट ४:३, म्हणजे जुन्या टीव्हीसारखी कमी रुंद, ठेवली आहे. टीव्हीची सेटिंग बदलून चित्र ताणू नका. बघायला बसण्याआधी लांबीचा आकडा तपासा, नाहीतर जुनीच आवृत्ती पुन्हा बघून होते.

मुळातच हेतू लिहिलेला नसेल तर वाढीव मिनिटांनी तो येत नाही. देण्याच्या यादीतला दोष आणि कात्रीचा दोष वेगळे ओळखायचे ते यासाठीच.

तक्रार लिहिताना

कुठला प्रसंग, साधारण कितवं मिनिट, पहिल्या भागातल्या कशाशी तो भिडतो, आणि त्यामुळे पुढे काय पडलं, एवढं लिहा. "व्हिलन फालतू होता" याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. "चाळिसाव्या मिनिटापर्यंत त्याला नायकाचा राग का आहे हे कळत नाही, म्हणून शेवटी तो माफी मागतो तेव्हा काही वाटत नाही" यावर बोलता येतं; तुमचं म्हणणं खोडायचं तर समोरच्याला पिक्चर पुन्हा बघावा लागतो. कलाकारांना वैयक्तिक संदेश पाठवून राग काढू नका. पटकथा, एडिटिंग आणि स्टुडिओचे निर्णय त्यांच्या हातात क्वचितच असतात. शेवट फुटत असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांगा.

आवडलेला प्रसंगही त्याच काटेकोरपणे लिहा. पहिल्या रात्रीची दुसरी ओळ त्यासाठीच होती. दोन्ही कागद जपून ठेवा. पुढच्या भागाची घोषणा झाली की 'विसरला' शेरा असलेले मुद्दे आधी वाचा. त्यातलं काय हाताळलं जातंय हे दिसेपर्यंत पहिल्या दिवसाचं तिकीट काढायची घाई नको.