किनाऱ्यावरचे विज्ञान चित्रकथेतून कसे सांगावे

चित्रकथेसाठी एकच कार्यकारणसंबंध निवडावा. ‘समुद्राचे प्रदूषण’ हा विषय चार पानांत मावत नाही. पण कोकणातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावरील वाळूतल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यातून नर निघेल की मादी, हे वाळूचे तापमान ठरवते, एवढी गोष्ट नक्की मावते.

अंड्यांतून पिल्ले बाहेर पडायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. हा काळ मजकुरात न सांगता चित्रांतून दाखवावा : पहिल्या चौकटीत वाळूचा उभा छेद आणि त्यात अंडी, पुढच्या चौकटींत छेद तोच, फक्त वर ऊन चढत जाते आणि बाजूच्या तापमापकातला पारा वाढतो. वाळू अधिक तापली की माद्या जास्त निघतात, हे शेवटी पिल्लांच्या रंगातून दाखवता येते. मात्र पिल्लांमधले नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, म्हणून हा रंग केवळ खुणेपुरता आहे, अशी ओळ तिथेच लिहावी. ही ओळ मला चित्राइतकीच मोलाची वाटते.

कासवाला बोलते करू नये. बोलायचे ते गावातल्या कासवमित्राने, म्हणजे कासवांची घरटी जपणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याने, तेही थोडक्यात. कच्ची चित्रे आधी जीवशास्त्रज्ञाला आणि मग बंदरावरच्या मच्छीमारांना दाखवावीत, कारण होडीचा आकार किंवा जाळ्याची वीण चुकली, तर पुढच्या विज्ञानावरही त्यांचा विश्वास बसणार नाही.